मामा, गाडीला उशीर झाला नव्हता

मामा, तुमच्या घरची वर्दी फोनवर मीच घेतली.

सकाळचे साडेनऊ झाले असतील. हजेरी नुकतीच आटोपली होती आणि दोघे जण अंगणात बसून आगीच्या बंबाचे पितळी नळ चिंचेने घासत होते. तुमची त्या दिवशी रजा होती. फोनवर तुमच्या घराखालचे किराणा दुकानदार होते, मागून तुमच्या सुनेचा आवाज येत होता. तुम्ही शिकवलेल्या क्रमानेच मी विचारलं: कुठं, काय झालंय, माणूस शुद्धीवर आहे का. मग मोठ्याने सांगितलं, "त्यांना हलवू नका. आहेत तिथंच राहू द्या. गाडी निघाली." अंगणातून तुमची दवाखान्याची गाडी खरंच निघाली. फोन खाली ठेवला, वहीत वेळ लिहिली, पत्ता लिहिला आणि पुढच्या रकान्यात नाव लिहायला लागले, तेव्हा कुठे कळलं की ते तुमचं नाव आहे.

गाडी पोचायच्या आधीच तुम्ही गेला होतात. सून सांगते, कपात चहा अर्धा होता.

तुम्ही किती वर्षं नोकरी केलीत, किती माणसं दवाखान्यात पोचवलीत, हे सगळं बंबखान्याच्या फळ्यावर सुंदर अक्षरात लागलं आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला तुमच्याशी दुसरं बोलायचं आहे. तुम्ही असताना ते बोलायचा मी एकदाच प्रयत्न केला आणि तुम्ही मला गप्प केलंत.

मी बंबखान्यात आले ती टेलिफोनसाठी. संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तरी जुने लोक अजून "दरबारचं काम" असंच म्हणत. मुंबईहून येणारी पत्रं इंग्रजीत असत, ट्रंक कॉलवरचे साहेब इंग्रजीत बोलत, म्हणून इंग्रजी येणारं माणूस हवं होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आणि घरी बसलेली. वडिलांच्या ओळखीने लागले. सोळा पुरुष आणि मी. आमच्या शाळेत दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही आणि आवाज चढवायचा नाही, असं शिकवलं होतं. बंबखान्याच्या टेलिफोनवर दिवसभर नेमक्या त्याच दोन गोष्टी कराव्या लागतात.

पहिल्याच दिवशी तुम्ही टेबलापाशी उभं राहून माझं बोलणं ऐकलंत आणि मागे वळून सगळ्यांना म्हणालात, "आरं, ही तर कुजबुजायलीया! आग लागल्याली मुंगीला सांगायची व्हय?"

सगळे हसले. मी वहीत बघत राहिले. तासाभराने तुम्हीच चहाची बशी माझ्याकडे सरकवलीत. "अक्का, ही माणसं हसत्यात, पर वाईट न्हाईत. आन वरडायला यील तुला. माझी म्हातारी सुदिक लगीन झालं तवा अशीच हुती. आता तिचा आवाज रंकाळ्यापतोर जातोय."

तुमच्या मुलीपेक्षा मी लहान, तरी तुम्ही अक्का म्हणायचात. तुमचं आजोळ निपाणीकडचं, तिकडची सवय. घरी मला कुणी अक्का म्हणत नाही. आता बंबखान्यातही कुणी म्हणत नाही.

आपला पहिला वाद घंटेवरून झाला. दवाखान्याच्या गाडीला बंबासारखीच घंटा होती, आणि पेठेत घंटा वाजली की लोकांना वाटायचं आग लागली. बायका घागरी घेऊन, पोरं नुसतीच, गाडीमागे पळत यायची आणि बोळ बंद व्हायचा. म्हणून तुम्ही बोळात शिरताना घंटा थांबवायचात. मी म्हणायचे, घंटा नाही वाजवली तर वाट कोण देणार? तुम्ही म्हणायचात, "आन बाळंतपणाला अडल्याली बाई न्यायची आसली तर? साऱ्या पेठंनं तिचं त्वांड बगायचं?" मी म्हणायचे, लाज महत्त्वाची की जीव? तुम्ही म्हणायचात, "दोनी. म्हून तर मी गाडी हाकतोय." हा वाद मिटला नाही. अजूनही मला वाटतं माझंच बरोबर होतं.

दुसरी गोष्ट मात्र वादाची नव्हती. ती तुम्ही मला उसाच्या कांड्याने शिकवलीत. शिरोळकडच्या कुणीतरी बंबखान्यात मोळी आणून टाकली होती. त्यातलं एक कांडं तुम्ही गुडघ्यावर हलकेच मोडलंत, साल न तुटता. माझ्या टेबलावर आडवं ठेवलंत. "ह्यो मणका. आत मोडलाय, पर साल धरून हाय. आसाच निजू दिला, तर येकादयेळ वाचंल." मग एका टोकाला धरून उचललंत. दुसरं टोक लोंबलं आणि रस माझ्या वहीवर सांडला. "आन आसा उचालला, की संपलं."

हे तुम्ही लढाईत शिकला होतात, इटलीत, स्ट्रेचर उचलताना. आपल्या गावात ते शिकवायला लागायचं, कारण आपल्या गावात माणूस पडला की दहा खांदे पुढे येतात. कोल्हापुरात जवळजवळ प्रत्येक पेठेला तालीम, प्रत्येक तालमीत हाड बसवणारा वस्ताद. लोक आधी आपल्याला फोन करायचे आणि मग धीर न धरता जखमीला पाठीवर घेऊन तालमीकडे पळायचे. गाडी पोचावी तर घर रिकामं आणि दारात एखादी म्हातारी बोट दाखवायला. म्हणून तुमचा नियम होता: फोन ठेवायच्या आधी शेवटचं वाक्य, मोठ्याने, हुकूम दिल्यासारखं, "माणसाला हलवू नका."

तो दिवस आता लिहिते.

गूळ पेठेतल्या एका अडत दुकानातून दिवाणजींचा फोन आला. दुपार होती. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे मोठ्या ढेपांच्या, थप्पीवरून एक हमाल खाली पडला होता. पाठीवर पडला होता, शुद्धीवर होता. त्या वेळी माझ्या टेबलापाशी आपले साहेब पुण्याच्या दोन पाहुण्यांना घेऊन उभे होते. नवा पंप दाखवून झाला होता आणि आता ते टेलिफोन कसा चालतो ते बघत होते. तिघंही गप्प राहून माझ्याकडे बघत होते. मी पत्ता घेतला. दिवाणजींनी विचारलं, "बाई, गाडी येईतवर आमी हितं काय करू?"

त्यांनी विचारलं होतं, मामा. मला कुणाचं बोलणं तोडायचंही नव्हतं. फक्त उत्तर द्यायचं होतं. त्या तिघांसमोर माझ्या तोंडून हुकूम निघेना. मी म्हणाले, "गाडी येतेच आहे," आणि फोन ठेवला.

तुम्ही अंगणातून ओरडून विचारलंत, "हलवू नगा म्हणून सांगितलंस न्हवं?"

मी मान हलवली. हो.

गाडी पहिल्याच हँडलला सुरू झाली. मी खिडकीतून पाहिलं.

तुम्ही पेठेत पोचलात तेव्हा थप्पीपाशी कुणी नव्हतं. पडलेल्या ज्ञानूला त्याच्या थोरल्या भावाने, हिंदुरावांनी, पाठीवर घेतलं होतं. तेही हमालच. वीस वर्षं त्यांनी पोती आणि रवे जसे पाठीवर घेतले, तसंच भावाला घेतलं, वाकून, हात पुढे ओढून, आणि मागच्या बोळाने तालमीकडे पळत गेले. दुसरं कसं उचलायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तुम्ही शोधत शोधत तालमीत पोचेपर्यंत पाव तास गेला. ज्ञानूचे पाय कमरेपासून गेले. पडतानाच गेले की उचलताना, हे दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

संध्याकाळी परत आल्यावर तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत; मी काय सांगितलं नव्हतं ते दिवाणजींकडून तुम्हाला कळलं असणार. वही ओढलीत आणि तुमच्या त्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलंत: "गाडी सुरू होण्यास वेळ लागला. पोचण्यास उशीर झाला." खाली सही केलीत. मी समोर बसले होते. बोलले नाही.

त्यानंतर तुम्ही मला "सांगितलंस का" असं कधी विचारलं नाहीत. फक्त, वर्दी आली की गाडीच्या दारावर हात ठेवून उभे राहायचात, आणि माझ्या तोंडून ते वाक्य अंगणापर्यंत ऐकू आल्याशिवाय आत बसायचा नाहीत. किती महिने तसं केलंत! एकदा कुणीतरी म्हणालं, "मामा, चला की, बाईंचा आवाज गगनबावड्यापतोर गेलाय." तेव्हा कुठे तुम्ही हसलात. मीही हसले, आणि त्या रात्री जेवले नाही.

गूळ पेठेने तुम्हाला सोडलं नाही. गाडी तिकडे गेली की हिंदुराव दुकानाच्या पायरीवरून ओरडायचे, "या मामा, निवांत या! घाई न्हाय! मानसं पडूनच हायती!" सगळा बाजार हसायचा. मागे बसणारे आपले लोक चिडायचे. तुम्ही मान खाली घालून गाडी पुढे काढायचात. हे सगळं मला परत आल्यावर कळायचं, चहा पिता पिता, कुणीतरी सांगायचं म्हणून. मी टेबलावरची टाचणी उचलायचे, परत ठेवायचे.

गेल्या उन्हाळ्यात मी शेवटी धीर केला. तुम्ही पंख्याखाली बसून सुपारी कातरत होतात.

"मामा, त्या दिवशी गाडी पहिल्याच हँडलला सुरू झाली होती."

"झालीती की. मग?"

"मग तुम्ही वहीत खोटं का लिहिलंत?"

तुम्ही सुपारी कातरायची थांबवली नाहीत. "अक्का, समदं तुझ्यापायीच झालं, आसं धरून बसू नगंस. तुझ्याबिगर बी मानसं हायती जगात."

मला ते लागलं. इतके दिवस जे मनात ठेवून होते, ते तुम्ही सुपारीच्या टरफलासारखं झटकून टाकलंत असं वाटलं. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्हीही माझी समजूत काढली नाहीत. तिसऱ्या दिवशी शाहूपुरीत भिंत पडली आणि त्या गडबडीत आपण पुन्हा बोलायला लागलो. तो विषय तिथेच राहिला.

तुमच्या तेराव्याला हिंदुराव आले नाहीत. तुमचा मुलगा पंगतीत वाढता वाढता म्हणाला, "बाबा गेलं तरी त्या पेठंत अजून त्येच बोलत्यात, उशिराची गाडी." त्याने ते माझ्याकडे बघून म्हटलं नव्हतं. माझं मात्र जेवण तिथेच थांबलं. तुमच्या नावाला लागलेला तो उशीर माझा होता आणि आता तो पुसणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. दिवाणजी केव्हाच कुरुंदवाडला मुलाकडे निघून गेले आहेत.

रविवारी मी हिंदुरावांच्या घरी गेले. एकटी कुणाच्या घरी जायची माझी ती पहिलीच वेळ. ते दारात विडी ओढत बसले होते. मी कोण ते सांगितलं आणि उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. गाडीला उशीर झाला नव्हता. दिवाणजींनी विचारलं होतं, काय करू. हलवू नका म्हणून सांगायचं माझं काम होतं. मी सांगितलं नाही, आणि सांगितलं म्हणून मामांना खोटं कळवलं.

त्यांनी विडीचा शेवटचा झुरका घेतला. मग विडी दगडावर विझवली.

"गाडीला उशीर झाला न्हवता, ते मला ठावं हाय," ते म्हणाले.

मला समजेना.

"दवाखान्यात डॉक्टरनं पैलं इचारलं, ह्याला पाटीवर कुणी घेतलंतं? तवाच मला उमागलं. मी भिंतीवर डोस्कं आपटाय लागलो. मामानं मागनं मिठी मारून धरलं. म्हनला, हिंदू, माझ्या गाडीला उशीर झाला. तू मला शिव्या दे. चारचौघांत दे, बाजारात दे, पर आसं करू नगंस, त्या पोराला आता तुझ्याबिगर कोन हाय? मला कळत हुतं, ह्यो म्हातारा खोटं बोलायलाय. तरी दिल्या शिव्या. दिल्या की झोप लागायची." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता कुनाला दिऊ? तेराव्याला कुठल्या तोंडानं येनार हुतो मी?"

मी म्हणाले, "मला द्या."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हमाल ओझ्याकडे बघून अंदाज घेतो तसं. "तुमास्नी झेपायचं न्हाय, बाई," ते म्हणाले, आणि हसले नाहीत. मग आतल्या दाराकडे मान केली. "आन मला सांगून काय उपेग? पाय त्येचं गेलं. त्येला सांगा."

मामा, इतक्या वर्षांत मी ज्ञानूला पाहिलं नव्हतं. तो भिंतीला टेकून फाटकी पोती शिवत बसला होता. दाभण एवढ्या सफाईने चालत होती की मी बोलत असताना ती एकदाच थांबली. माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठा असेल. मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. दारातून हिंदुरावांनी त्यांचं सांगितलं. त्याने दोघांचं ऐकून घेतलं.

"म्हंजे बगा," तो म्हणाला, "बाईंस्नी ठावं. हिंदूला ठावं. मामाला तर समदंच ठावं. आन पाय माजं." भावाकडे बघून म्हणाला, "आरं, मला दुखलं न्हवतं व्हय, तू उचाललंस तवा? मी काय पोतं हुतो? मला इचारलं आसतंस तर मीच सांगितलं आसतं."

हिंदुराव उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने चुलीपाशी भांड्यांचा आवाज आला.

"मामा महिन्याला एक खेप यायचा," ज्ञानू मला म्हणाला. "कुस्त्यांचं सांगायचा. कोन चितपट, कोन बरोबरीत सुटला. तासतासभर बसायचा. एवढं बोलत हुता, आन ह्येच तेवढं त्येला सांगता आलं न्हाय?"

तुम्ही तिथे जात होतात हे मला माहीत नव्हतं. ते सांगायला तुमची जीभ वळली नसावी, म्हणूनच कुस्त्या. सुपारी कातरता कातरता तुम्ही म्हणालात ते आता कळलं. ती वही तुम्ही फक्त माझ्यासाठी लिहिली नव्हती. मला वाचवलंत आणि एका माणसाला भिंतीपासून ओढून धरलंत. मी तुमचे उपकार मानते, मामा, आणि तरी वाद घालते. आपण तिघांनी मिळून ज्ञानूला पुन्हा एकदा न विचारताच उचललं. हे तुम्हाला कळत होतं, नाहीतर तुम्ही दर महिन्याला गेला नसता.

हे लिहून चारचौघांना वाचायला देऊ का, असं मी दोघांना विचारलं. हिंदुराव चुलीपासूनच म्हणाले, "लिवा की. त्येच्या नावावरचा उशीर जाऊ द्या." ज्ञानूने नुसती मान डोलावली.

मग मी ज्ञानूला विचारलं, "मामांनी येऊन खरं सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

त्याने दोरा दातांनी तोडला. "आदी चार शिव्या घातल्या आसत्या. आन मग च्या पाजला आसता. दोनी ऱ्हायलं बगा."

तेवढ्यात हिंदुराव तीन कप घेऊन आत आले. चहा मी प्याले. शिव्यांची मी ज्ञानूला आठवण करून दिली, तर तो म्हणाला, "बाईमानसाला न्हाय द्यायच्या. आन त्या तुमच्या न्हवत्याच, मामाच्या हुत्या."